जाणारा वेग

सगळी गल्ली त्याला भोंगा म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. ज्या घरात आईला जन्मापासून ऐकू येत नाही, त्या घरात पोराला ‘हळू बोल’ असं सांगणार कोण? बाप लवकर गेला. पोरगा बोलायला शिकला तोच ओरडून. पुढे धंदाही त्याने असा धरला, की जिथे हळू बोलून भागतच नाही. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, लोखंडी जिने. वेल्डिंगचं दुकान. दिवसभर ग्राइंडरच्या वर आवाज काढायचा आणि संध्याकाळी घरी येऊन गप्प व्हायचं, कारण घरात बोलायचं ते हातांनी.

घर म्हणजे आई, बायको आणि तो. वरचा मजला, जुनी इमारत, फळ्यांची जमीन. आईला हाक मारायची तर जमिनीवर पाय आपटायचा. फळी थरथरली की ती वळून बघायची. खालच्या मजल्यावर एक काका राहायचे, ते जिन्यात भेटले की म्हणायचे, “तू तुझ्या आईला हाक मारतोस आणि माती माझ्या चहात पडते रे!”

या घराचा एक कायदा होता. कुणाचे हात धरायचे नाहीत. ऐकणाऱ्यांच्या घरात कुणाच्या तोंडावर हात दाबला तर जसं होईल, तसं ते. लहानपणी एकदा आई रागावून बोलत असताना भोंग्याने तिची दोन्ही मनगटं धरली होती. आयुष्यात तिने त्याच्या थोबाडीत एकदाच मारली, ती तेव्हा.

आईची एकच बहीण, थोरली. तीही बहिरी. दोघींना शाळेत कुणी घातलं नाही. मुक्या पोरी, घासतील भांडी, असा घरच्यांचा हिशेब. तेव्हा दोघींनी मिळून स्वतःची भाषा केली. केली म्हणजे भिंत बांधावी तशी केली, एकेक वीट. बापासाठी मिशी पिळायची. मावशीसाठी कानाची पाळी ओढायची, आईसाठी कोपराला हात लावायचा, कारण तिथे लहानपणी भाजलं होतं. भोंगा जन्मला तेव्हा त्याच्यासाठी तोंडाचा मोठा आ केला, म्हणजे नाव ठेवण्यात बहिऱ्या बायका गल्लीच्या पुढे निघाल्या. आणि अंधारात, जिथे हात दिसत नाहीत तिथे, एकीने दुसरीचं मनगट धरून दोनदा दाबायचं. मी आहे. दुसरीने उलट दोनदा दाबायचं. मीही आहे.

भोंग्याला ही भाषा खाण्यापिण्यापुरती, दुखण्याखुपण्यापुरती यायची. मावशीच्या मुलीलाही तेवढीच. बाकीची, म्हणजे चेष्टा, शिव्या, मेलेल्या नवऱ्यांच्या चहाड्या, ती त्या दोघींचीच. ती भाषा पुरती येणारी माणसं जगात दोन.

मावशी राहायची दूर, दुसऱ्या टोकाच्या शहरात, मुलीजवळ. पूर्वी वर्षातून एकदा भेट व्हायची. मग भोंग्याने घरात ब्रॉडबँड घेतलं. कंपनीच्या पाटीवर हसणारं कुटुंब होतं आणि खाली मोठ्ठा आकडा: शंभर. त्याच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात ‘पर्यंत’. त्याने टॅबलेट आणला, आईच्या पलंगासमोर उभा करून ठेवला, आणि दोघी बहिणी रोज संध्याकाळी समोरासमोर बसायला लागल्या. तासभर नुसते हात चालायचे. मध्येच आई पोट धरून हसायची आणि बायको विचारायची, “काय झालं हो?” भोंगा म्हणायचा, “मला काय विचारतेस? ते पुढच्या वर्गातलं आहे.”

त्या टॅबलेटचा आवाज घरात आल्या दिवसापासून बंद होता. ऐकायचं कुणाला होतं?

मग आई न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पलंग नशिबी आला. त्यातच ताईचा, म्हणजे मावसबहिणीचा फोन, की मावशीच्या फुप्फुसात पाणी झालंय, हॉस्पिटलात ठेवलंय. आईने हे कळल्या कळल्या कोपराला हात लावला आणि दाराकडे बोट केलं. मी जाते.

भोंग्याने हातांनी विचारलं, कशी जाणार?

गाडी कर. झोपून जाते.

डॉक्टर तसं पूर्ण नाही म्हणत नव्हते. गाडीत गादी टाकून, थांबत थांबत नेता आलं असतं. पण भोंग्याला वाटलं, हाड परत हललं तर? त्याने टॅबलेटकडे बोट दाखवलं. रोज समोर आहातच की. बरी हो, मग जाऊ. आईने हात उचलला, काही बोलणार होती, मग खाली ठेवला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हिशेबाने जगलेल्या बाईला पोराचं ऐकायची सवय असते, कान असोत नसोत.

आता हॉस्पिटलातून बोलायचं तर भेटीच्या वेळेत, म्हणजे संध्याकाळी. आणि संध्याकाळ झाली की गल्लीतलं प्रत्येक घर त्याच तारेला तोंड लावून बसतं. कुणाची मालिका, कुणाचा सामना, कुणाचा खेळ. मावशी इकडे लख्ख दिसायची, नाकातल्या नळीवरची चिकटपट्टीसुद्धा. पण तिकडे आईचं चित्र अडकायचं. आईचा हात उठायचा आणि तिकडे हाताच्या जागी धुरकट ठिपके दिसायचे. मग मावशी मूठ आवळून दाखवायची, म्हणजे अडकलीस. फोन तोडायचा, परत लावायचा. आई जास्त मोठे, जास्त जोरात हातवारे करायची, ऐकू येणारी माणसं बहिऱ्यासमोर ओरडतात ना, तसं. चित्र आणखीनच फाटायचं. मोबाइलवर बघावं तर घरात रेंज फक्त जिन्याच्या खिडकीत, आणि आईला तिथवर नेणार कसं?

भोंग्याने तक्रार केली. कस्टमर केअरची मुलगी साखरेत घोळून बोलली, “सर, आपल्या प्लॅनमध्ये शंभर‘पर्यंत’ असा उल्लेख आहे.”

“बाई, मी गेटं बनवतो. तुम्ही माझ्याकडे सहा फुटांचं गेट सांगितलं, पैसे सहा फुटांचे दिले, आणि मी चार फुटांचं लावून म्हणालो, सहा फुटां‘पर्यंत’ म्हणालो होतो, चार हे सहापर्यंतच येतं की! तर तुम्ही काय कराल?”

“सर, मी आपली भावना समजू शकते.”

“भावना नको, वेग पाठवा!”

शेजारच्या खोलीतून बायको म्हणाली, “एवढ्या आवाजात बोलताय, तर तार कशाला? असंच बोला ना मावशींशी.”

“ऐकायला कोण आहे तिकडे?” तो म्हणाला.

लाइनवाला आला तो भर दुपारी. हडकुळा माणूस, पाठीवर सॅक, कमरेला वायरची गुंडाळी. त्याने स्वतःचा लॅपटॉप थेट घरातल्या इंटरनेटच्या डबीला जोडला, कंपनीचंच तपासणीचं पान उघडलं, काटा सरसर चढला आणि हिरवा झाला.

“बघा साहेब. अठ्ठ्याण्णव. आणखी काय पाहिजे?”

“दुपारी घरात असतं कोण? संध्याकाळी ये, मग बघ.”

“संध्याकाळी तपासणीच नसते. आमची पाळी चारला संपते.”

म्हणजे रोगी रात्री कण्हणार आणि डॉक्टर दुपारी नाडी बघणार! कंपनीला हे कळत नाही असं कुणी सांगू नये. चांगलं कळतं. म्हणूनच पाळी चारला संपते.

भोंग्याने कोपऱ्यातल्या एका बारक्या आकड्यावर बोट ठेवलं. “हा दहा कसला?”

“तो जाणारा वेग. पहिला येणारा. शंभर म्हणजे येणारा शंभर. जाणारा दहाच असतो, तो कुणी बघत नाही. लोकांना बघायचं असतं, दाखवायचं काय असतं?” तो पलंगाकडे बघून जरा ओशाळला. “खरं सांगू का, कोपऱ्यावरच्या डब्यावर कंपनीने झेपतात त्याच्या चौपट घरं चढवलीत. संध्याकाळी तुमच्या वाट्याला जाणारा एकसुद्धा उरत नाही. एक करा, आजींना सांगा, हात कमी हलवा. हालचाल कमी असली की चित्र कमी अडकतं.”

भोंग्याने आईकडे बघितलं. ती दोघांच्या ओठांकडे आळीपाळीने बघत होती. जन्मभर लोकांनी तिला काय काय सांगितलं होतं. पण कमी बोल, असं कुणी कधी सांगितलं नव्हतं. ते भोंग्याने तिला सांगितलं नाही.

जाताना लाइनवाल्याने मोबाइलवर आलेला कोड मागितला. तो दिला की तक्रार बंद.

“बंद कसली? सुटली कुठे?”

“दादा, कोड नाही मिळाला की माझा पगार कापतात. तुम्ही द्या, मी वरच्या साहेबांच्या कानावर घालतो. आईशप्पथ.”

त्याच्या सँडलचा पट्टा तारेने बांधलेला होता. भोंगा कंपनीवर ओरडू शकत होता, त्या सँडलवर नाही. त्याने कोड दिला. संध्याकाळी चित्र परत अडकलं, फोन केला, तर साखरेची मुलगी म्हणाली, “सर, आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे. नवीन नोंदवली तर रांगेत लागेल.”

मग तापलेल्या डोक्याने त्याने तेच केलं जे त्यांना हवं होतं. दोनशेचा प्लॅन घेतला. येणारा वेग दुप्पट झाला. जाणारा होता तिथेच. मावशीच्या डोळ्यांतल्या लाल शिरा आता मोजता येत होत्या. आई तिकडे धुरकटच.

तशात ताईचा फोन दुकानावर आला. भोंगा एका जिन्याच्या कठड्याला वेल्डिंगचे टाके मारत होता. त्याने डोळ्यांवरची काच वर केली.

“अरे, उद्या सकाळी आईच्या घशात श्वासाची नळी घालणार आहेत.” ताईचा आवाज कोरडा पडला होता. “नळी घातली की हात बांधतात. पट्ट्यांनी, पलंगाला. पेशंट नळी ओढतो म्हणे.”

“हात बांधतात?”

“मी सांगितलं त्यांना, ती हातांनी बोलते. ते म्हणाले, नियम आहे. त्यातून बाहेर येईलच असंही नाही म्हणाले.” मग म्हणाली, “आज संध्याकाळी बोलू दे दोघींना. नीट. एवढं कर.”

एवढं कर. भोंगा तसाच, अंगावर जळक्या लोखंडाचा वास घेऊन घरी आला. आधी कंपनीला फोन लावला. “सर, आपली तक्रार रांगेत आहे.” त्याने आईला सगळं सांगितलं. नळीचं सांगितलं. बांधण्याचं सांगायला हात उचलवेना, तेही सांगितलं. आईने आपली मनगटं एकमेकांवर ठेवली आणि विचारलं, अशी? तो म्हणाला, हो. तिने केस विंचरले, चांगला झगा मागितला, आणि टॅबलेटसमोर उशीला टेकून बसली.

भेटीची वेळ झाली. बायकोने फोन लावून दिला, मावशी समोर आली. भोंगा जिन्यात उतरला. आधी खालच्या काकांचं दार.

“काका, अर्धा तास तुमचं इंटरनेट बंद करा. मावशीचं शेवटचं बोलणं आहे.”

काकांनी त्याच्याकडे बघितलं. “इतकी वर्षं माझं छत हलवतोयस. दार आज पहिल्यांदा वाजवलंस.” आत जाऊन त्यांनी प्लगच काढला. “अर्धा तास काय, सकाळी लावीन.”

समोरच्यांनी बंद केलं. मागच्या इमारतीतल्या शिंपिणीने बंद केलं, वर नवऱ्याच्या हातातला मोबाइल ओढून घेतला. एका घरात सामना शेवटच्या टप्प्यावर होता. पोरगा म्हणाला, “दहा मिनिटं थांबा ना, अंकल.” भोंग्याने दार असं काही वाजवलं, की त्या पोराच्या बापानेच बंद केलं. मग तो गल्लीच्या मधोमध उभा राहिला आणि ज्या आवाजाची सगळ्यांनी जन्मभर चेष्टा केली, तो आवाज त्याने लावला. “ऐका हो! अर्धा तास! फक्त अर्धा तास!” खिडक्या उघडल्या. काहींनी माना हलवल्या. काहींनी खिडक्या लावून घेतल्या.

कोपऱ्यावर डबा होता, कुलूप लावलेला, आत दिवे लुकलुकत. त्यावर किती घरं लटकली होती, त्याला काय ठाऊक? पण इतक्या लोकांनी बंद केलंय म्हणजे झालंच काम, असं त्याला वाटलं. दोन-दोन पायऱ्या चढत तो वर आला. दारात उभा राहिला, आणि आईला सांगायचं होतं, की आता बोल, आता मोकळं आहे. म्हणून या घरात जे कायम करतात तेच त्याने केलं. पाय आपटला.

फळी थरथरली. आई वळून त्याच्याकडे बघायला लागली.

त्याने हात हवेत नाचवले. बोल! रस्ता मोकळा आहे! आई हसली, मान डोलावली, आणि परत पडद्याकडे वळली.

मग अर्धा तास ती बोलली. असं बोलताना भोंग्याने तिला कधी बघितलं नव्हतं. त्याला चार-दोन खुणाच कळत होत्या: भाजलेला कोपर, बापाची मिशी, विहीर, पळणं, परत विहीर. मावशी समोर लख्ख दिसत होती, काचेपलीकडे बसल्यासारखी. ती बोटाने पडदा टोचत होती, खांद्यावर टोचून हाक मारावी तशी. एकदा, दोनदा, परत. मग नुसती बघत राहिली. मागे ताई वाकून पडद्याकडे बघत तोंड हलवत होती. भोंग्याला वाटलं, नर्सशी बोलत असेल. मावशीला धाप लागलीय म्हणून ती उत्तर देत नाही, असं त्याला वाटलं. आईने स्वतःचं मनगट धरून दोनदा दाबलं. थांबली. परत दाबलं. मावशीचे हात चादरीवर पडलेले होते. मग भेटीची वेळ संपली.

मावशीचे हात दुसऱ्या दिवशी सकाळी बांधले. ते सुटले ते ती गेल्यावरच.

क्रियाकर्म उरकून ताईने फोन केला. भोंगा जिन्याच्या खिडकीत उभा होता. तिने आधी इकडचं तिकडचं विचारलं. मग म्हणाली, “त्या संध्याकाळी तुझ्या आईला काय झालं होतं रे?”

“काय झालं होतं म्हणजे?”

“तोंड फिरवून का बसली होती? आई हाका मारत होती. टोचून टोचून. मी ओरडले, मावशी, इकडे बघ, म्हणून. मग म्हटलं चित्र अडकलंय बहुतेक, तेही ओरडून सांगितलं. भोंग्या, फोन तोड, परत लाव! दहादा ओरडले. मी तोडला आणि परत लागलाच नाही तर, म्हणून मी तोडला नाही. तू तर तिथेच उभा होतास, दिसत होतास मला!”

भोंग्याच्या हातातली खिडकीची कडी सुटली.

आवाज बंद होता. आल्या दिवसापासून बंद होता. आणि चित्र अडकलं होतं ते त्या एका क्षणावर, त्याने पाय आपटला तेव्हाच्या. आईची मान वळलेली. इतर वेळी अडकायचं तेव्हा हात धुरकट दिसायचे, मावशीला कळायचं, ती मूठ दाखवायची. त्या संध्याकाळी धुरकट काहीच नव्हतं. एक बाई शांतपणे दुसरीकडे बघत बसली होती, एवढंच होतं. मूठ कशासाठी दाखवायची? मावशी अर्धा तास आपल्या बहिणीच्या आंबाड्याकडे बघत राहिली.

“शेवटी काही म्हणाली?” त्याने विचारलं. इतक्या हळू, की ताईने परत विचारायला लावलं.

“मला कळलं नाही. पुढच्या वर्गातलं होतं.”

दुपारी लाइनवाला आला. रांगेतली तक्रार आता त्याच्या हाती लागली होती. लॅपटॉप जोडला, काटा चढला. “एकशे शहाण्णव! मस्त आहे दादा. कोड द्या.”

 बायकोने आतून मोबाइल आणला आणि कोड वाचून दाखवला. लाइनवाला जाताना दारात रेंगाळला. “आज ओरडला नाहीत साहेब?” मग तो गेला.

आई उशीला टेकून होती. टॅबलेट समोरच होता, काळा. तिने फळीवर काठी आपटली. आता तिची पाळी होती हाक मारायची. भोंगा जवळ जाऊन पलंगाच्या कडेला बसला.

तिने कानाची पाळी ओढली. मग डोळ्यांना बोटं लावली. मग कोपर. मग आवळलेली मूठ. थोरलीला माझं काय दिसलं? मी कुठे अडकले होते?

म्हणजे तिला माहीत होतं. तिने बहिणीचा चेहरा दोनशेच्या वेगाने बघितला होता, पाहून न पाहणारा चेहरा. आपलं पोचत नाहीये एवढं तिला कळलं होतं, आणि तरी ती बोलत राहिली होती. फक्त कुठलं चित्र, एवढंच ठाऊक नव्हतं.

भोंग्याने हात उचलले. आधी ते हवेतच राहिले. मग त्याने डाव्या मनगटाला उजव्या हाताने धरलं आणि दाबलं. एकदा. दोनदा. ही तू. हे दिसत होतं तिला. शेवटपर्यंत हेच.

आई त्याच्या हातांकडे बघत नव्हती. तोंडाकडे बघत होती. सत्तर वर्षं तिने माणसांची तोंडंच वाचली होती.

त्याने परत मनगट दाबायला घेतलं, तेव्हा तिने त्याचे दोन्ही हात धरले आणि मांडीवर दाबून ठेवले. घट्ट. त्याने सोडवायचा प्रयत्न केला नाही. खाली काकांनी कप ठेवल्याचा आवाज आला, तो एकट्या भोंग्याला ऐकू आला. तिने हात सोडले नाहीत.